पेटीतले कार्ड बाहेर काढू या



नाताळ जवळ आला की काही देणगीदार विचारतात, "पाड्यावरच्या कुटुंबांना रोख मदतीऐवजी पैसे भरलेले कार्ड दिले तर? हिशेब राहील, पैसा दारूतही जाणार नाही." प्रश्न आपुलकीचा आहे, म्हणून उत्तर सविस्तर देतो.

कार्डे दोन प्रकारची असतात. पहिल्या प्रकारात आधी पैसे भरायचे आणि मग तेवढेच वापरायचे. मेट्रोचे कार्ड असे असते, दुकानात मिळणारे गिफ्ट कार्डही असेच. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार गिफ्ट कार्डात जास्तीत जास्त १०,००० रुपये भरता येतात. ते पुन्हा भरता येत नाही आणि त्यातून रोख रक्कमही काढता येत नाही. शहरातल्या मोठ्या दुकानात ते सहज चालते. पण आठवडे बाजारात सुकी मासळी विकणाऱ्या बाईकडे कार्डाचे यंत्र नसते. मग गरजेच्या वेळी असे कार्ड कमी किमतीत दुसऱ्याला देऊन टाकण्याची पाळी येते.

दुसरे कार्ड बँक खात्याचे. पैसे खात्यात असतात, कार्ड ही फक्त किल्ली. २८ ऑगस्ट २०१४ रोजी जन धन योजना सुरू झाली. किमान शिल्लक न ठेवता खाते आणि सोबत रुपे कार्ड मिळू लागले. आमच्या पालघर जिल्ह्यातील अनेक वारली आणि कातकरी घरांत हे कार्ड आहे, पण ते पत्र्याच्या पेटीत कापडात गुंडाळून ठेवलेले असते.

या कार्डासोबत अपघात विमा येतो. २८ ऑगस्ट २०१८ नंतर उघडलेल्या खात्यांना २ लाख रुपये, त्याआधीच्या खात्यांना १ लाख. हप्ता भरावा लागत नाही. अट एकच: अपघाताच्या आधीच्या ९० दिवसांत कार्ड एकदा तरी वापरलेले असावे. एटीएममध्ये नुसती शिल्लक पाहिली तरी चालते. बँक मित्राकडे केवळ अंगठा लावून पैसे काढले, तर मात्र कार्ड वापरले असे होत नाही.

आता आमच्या लोकांचे वर्ष पाहा. दिवाळीनंतर कुटुंबे भिवंडी, वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. उचल आधीच घेतलेली असते आणि आठवड्याची खावटी रोख मिळते, म्हणून कार्डाची आठवणही होत नाही. भट्टीवर ट्रक, आग आणि विटांचे ढीग यांत काम चालते. म्हणजे जोखीम सर्वांत जास्त असते, नेमके तेव्हाच विम्याचे छत्र नकळत निघून जाते.

दुसरा धोका पिनचा. उधारीचे तारण म्हणून कार्ड आणि पिन दोन्ही दुसऱ्याच्या हवाली केलेले मी पाहिले आहेत. असे झाले की खाते नावापुरतेच आपले राहते. आपण होऊन पिन सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान खातेदाराच्याच माथी येते. फसवणूक झाल्यास ताबडतोब बँकेला आणि १९३० या क्रमांकावर कळवावे.

म्हणून स्थलांतरापूर्वीच्या सभांमध्ये आम्ही तीन गोष्टी सांगतो. कार्ड सोबत न्या. दोन महिन्यांतून एकदा तरी वापरा. पिन कोणालाही देऊ नका.

देणगी रोख द्यावी की खात्यात, हे कुटुंबाशी बोलून ठरवू. शिक्षक आणि बँकेतून निवृत्त झालेले सभासद मात्र आणखी एक देणगी देऊ शकतात: वेळेची. आपल्या मंडळीजवळ वीटभट्टी असेल, तर एखाद्या रविवारी दुपारी या मजुरांसोबत एटीएमपर्यंत चला. यंत्र कसे चालते ते दाखवा आणि पिन दाबताना तोंड फिरवून उभे राहा. त्या छोट्या कृतीतून त्यांना कळते की हा पैसा त्यांचा आहे आणि त्यांचा मान आपण राखतो.

भट्टीवर गेलेल्या कुटुंबांना आपल्या प्रार्थनेत आठवा.