जुने आधी, नवे नंतर : पावसाळ्यापूर्वी कोठीघराची मांडणी

रायपूर : छत्तीसगडच्या राजधानीत मे महिन्यात पारा 44 अंशांच्या आसपास पोहोचतो आणि जूनच्या मध्यानंतर हवा दमट होते. उन्हात वाळवून भरलेल्या तांदूळ, डाळी आणि मसाल्यांची खरी कसोटी याच काळात लागते. कोठीघर नीटनेटके असणे ही केवळ शोभेची बाब नाही. मांडणी चुकली की धान्याला कीड लागते, बुरशी धरते आणि कुटुंबाचा पैसा व आरोग्य दोन्ही धोक्यात येतात.

या प्रश्नाचा आवाका मोठा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, 2022 मध्ये दुकाने, उपाहारगृहे आणि घरे मिळून जगभरात सुमारे 105 कोटी टन अन्न वाया गेले. त्यातील सुमारे 60 टक्के वाटा घरांचा होता.

दोन परंपरांचे एक फडताळ

नागपूरकर भोसल्यांच्या राजवटीपासून छत्तीसगडशी मराठी माणसाचे नाते जडले आहे. पुढे 1861 मध्ये स्थापन झालेल्या मध्य प्रांतात हा प्रदेश आला, त्याची राजधानीही नागपूरच होती. त्यामुळे रायपूरमधील मराठी घरांच्या फडताळात गोडा मसाला, आमसुले, भाजणी आणि मेतकूट यांच्या शेजारी दुबराज तांदूळ, कोहळ्याची रखिया बडी आणि तिळाची बिजौरीही दिसते.

येथे ‘तांदूळ’ एवढीच चिठ्ठी डब्यावर लावून भागत नाही. रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठात भाताच्या 23 हजारांहून अधिक वाणांचा संग्रह जतन केलेला आहे. सरगुजा भागातील जीराफूल तांदळाला 2019 मध्ये, तर धमतरी जिल्ह्यातील नगरी दुबराजला 2023 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. असा सुवासिक तांदूळ उघड्या पिंपात ठेवला तर त्याचा वास उडून जातो. तो थोड्या प्रमाणात घ्यावा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा. रोजच्या भाताचा तांदूळ वेगळा भरावा.

कोठीने घालून दिलेला नियम

माती आणि भुसा कालवून बांधलेली कोठी ही खेड्यापाड्यांतील साठवणीची जुनी व्यवस्था आहे. वरच्या तोंडातून धान्य भरायचे आणि तळाजवळच्या लहान छिद्रातून काढायचे, अशी अनेक कोठ्यांची रचना असते. त्यामुळे आधी भरलेले धान्य आपोआप आधी बाहेर येते.

आजच्या डब्यांत नेमकी हीच शिस्त हरवते. नवे पीठ जुन्यावर ओतले जाते, वरचे वापरले जाते आणि तळाचे महिनोन्‌महिने तसेच राहते. त्या तळातल्या किडीला वरून रोज नवे खाद्य मिळत जाते. म्हणून डबा पूर्ण रिकामा करून, धुऊन, उन्हात कोरडा केल्यावरच पुन्हा भरावा. जुने थोडे शिल्लक असल्यास ते लहान डब्यात काढून आधी संपवावे.

कीड कोठून येते?

तांदूळ आणि गहू पोखरणाऱ्या सोंड्याची मादी दाण्याला छिद्र पाडून आत अंडी घालते. त्यामुळे वरून स्वच्छ दिसणारे, निवडलेले धान्यही उबदार व दमट हवेत महिना-दीड महिन्यात किडलेले आढळते. कडधान्यांवरील भुंगेरा मात्र दाण्याच्या पृष्ठभागावर अंडी घालतो. आख्खे मूग, हरभरे आणि चवळी यांना तो लवकर लागतो, सोललेल्या व भरडलेल्या डाळीला तुलनेने कमी. कडधान्याला एरंडेलाचा हलका हात देण्याच्या आजीबाईंच्या पद्धतीमागे हेच कारण आहे. तेलाच्या पातळ थरामुळे भुंगेऱ्याच्या अंड्यांची वाढ रोखली जाते. असे कडधान्य शिजवण्यापूर्वी नीट धुवावे.

उन्हात वाळवलेले धान्य गरम असतानाच डब्यात कोंडू नये. ते निवताना झाकणाला घाम सुटतो आणि तोच ओलावा बुरशीला आमंत्रण देतो. धान्य सावलीत पूर्ण निवू द्यावे, मगच झाकण लावावे. रवा, बेसन आणि मैदा पावसाळ्यात थोडाच आणावा आणि शक्य असल्यास शीतकपाटात ठेवावा.

शेंगदाणे, मका आणि सुक्या मिरच्या यांच्याबाबत अधिक दक्षता हवी. त्यांवर वाढणाऱ्या काही बुरशींपासून अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होते. ते यकृताला घातक असते आणि भाजल्याने वा शिजवल्याने पूर्णपणे नष्ट होत नाही. बुरशी धरलेले किंवा खवट झालेले दाणे निवडून वापरण्याचा मोह टाळावा, ते टाकूनच द्यावेत.

कीड मारण्यासाठी मोठ्या गोदामांत वापरल्या जाणाऱ्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या राहत्या घरात कदापि आणू नयेत. हवेतील ओलाव्याशी संयोग होताच त्यांतून फॉस्फिन हा प्राणघातक वायू बाहेर पडतो आणि त्या विषबाधेवर कोणताही नेमका उतारा नाही. बोरिक पावडर हाही खाण्याचा पदार्थ नव्हे, धान्यात ती मिसळणे टाळावे.

मांडणी आणि शोभा

तांदूळ व कणीक यांचे जड डबे खाली, पण जमिनीवर नव्हे तर पाटावर किंवा तिवईवर आणि ओलसर भिंतीपासून थोडे दूर ठेवावेत. रोजच्या डाळी, साखर, पोहे आणि फोडणीचे साहित्य कमरेपासून डोळ्यांपर्यंतच्या उंचीवर असावे. कुरडया, सांडगे आणि सणावाराचे साहित्य वरच्या फळीवर चालते. शेगडीच्या वरची फळी मसाल्यांसाठी सोयीची वाटते, परंतु तेथील उष्णता आणि वाफ त्यांचा स्वाद घालवते. काचेच्या बरण्या सुंदर दिसतात, मात्र उजेडात तिखटाचा रंग उतरतो. त्या दाराआडच्या फळीवर ठेवाव्यात. कांदे व बटाटे हवेशीर टोपल्यांत वेगवेगळे ठेवावेत. बटाट्यांना अंधार आवश्यक असतो.

नाव लिहिलेल्या डब्यांची कल्पना नवी नाही. 1926 मध्ये वास्तुरचनाकार मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की यांनी जर्मनीतील फ्रँकफर्ट शहराच्या गृहयोजनेसाठी आखलेल्या स्वयंपाकघरात तांदूळ, साखर यांसाठी नावे असलेले ॲल्युमिनियमचे खण होते. पिठाचा खण मात्र अळ्यांना दूर ठेवण्यासाठी ओक लाकडाचा केलेला होता.

रायपूरच्या घरांत चिठ्ठीवर दोन नावे असणे हिताचे ठरते. लिपी देवनागरीच असली तरी स्वयंपाकाला मदत करणाऱ्या व्यक्तीसाठी तूर ही ‘राहर’ असते, लाखेची डाळ ‘तिवरा’ असते आणि मोहरी ‘राई’ असते. नावाखाली भरल्याची तारीख लिहावी. पाकिटातून पदार्थ डब्यात काढताना त्यावरील मुदतीचा तुकडा कापून डब्याला चिकटवावा.

शोभेसाठी नवे संच विकत घेण्याची गरज नसते. घरातील पितळी व पोलादी डबे एका आकाराप्रमाणे ओळीत लावले की तेच देखणे दिसतात. पूर्वीच्या स्वयंपाकघरातील उतरंड अशीच होती. मोठे मडके खाली, लहान वर, आणि कशात काय आहे हे साऱ्या घराला ठाऊक. महिन्यातून एकदा, किराणा मालाची यादी करण्यापूर्वी, प्रत्येक डबा उघडून पाहावा. फडताळात काय आहे हे दिसले की बाजारातून काय आणायचे नाही, हेही कळते.