सिलिमनाइट मिसळलेल्या ॲल्युमिनियमची झीज

सिलिमनाइट हे ॲल्युमिनियम, सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांपासून बनलेले कठीण खनिज आहे. भंडारा जिल्ह्यात दहेगाव परिसरात ते कायनाइटच्या सोबतीने सापडते. मोठ्या भट्ट्यांच्या उष्णतारोधक विटा हा त्याचा रूढ उपयोग. पण त्याची बारीक भुकटी ॲल्युमिनियमच्या रसात मिसळली, तर कमी झिजणारा संमिश्र धातू मिळतो. भोपाळच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या ‘ॲम्प्री’ संस्थेत, या संमिश्राचा सविस्तर अभ्यास झाला आहे.

बीड लोखंडाची घनता घन सेंटिमीटरला ७ ग्रॅमच्या वर, तर ॲल्युमिनियमची २.७ ग्रॅम. वाहनाचे वजन घटवायला ॲल्युमिनियम उत्तम. मात्र ते मऊ आहे. पोलादावर घासले की त्याचे कण सुटून पोलादालाच चिकटतात. मोह्सच्या मापात त्याची कठीणता जेमतेम ३, तर सिलिमनाइटची ७च्या आसपास.

मिसळण्याचे काम दिसते तितके सोपे नाही. वितळलेला धातू सिरॅमिक कणांना सहजी भिजवत नाही. कण वर तरंगतात किंवा गुठळ्या होतात. म्हणून रस ढवळून भोवरा निर्माण करतात, त्यात आधी तापवलेली भुकटी हळूहळू सोडतात आणि थोडे मॅग्नेशियम घालतात. पुढची सारी झीज या टप्प्यावर अवलंबून असते, कारण धातूने नीट न धरलेला कण घर्षणात उपटून निघतो आणि दोन पृष्ठभागांच्या मधे अडकून दोघांनाही ओरबाडतो.

पकड पक्की असेल, तर कठीण कण भार स्वतःवर घेतात. भार आणि वेग वाढत गेले की साधे ॲल्युमिनियम तापून मऊ पडते आणि एका मर्यादेनंतर झीज एकाएकी भडकते. कणांमुळे ही मर्यादा पुढे ढकलली जाते, आणि संमिश्राचा खरा फायदा हाच आहे. घासताना समोरच्या पोलादाचे कण, ऑक्साइड आणि ॲल्युमिनियम एकत्र दाबले जाऊन वर एक कठीण थरही तयार होतो. तो टिकला की खालचा धातू वाचतो; तडकून निघाला की झीज पुन्हा सुरू होते.

वाळू-मातीच्या घर्षणात हिशेब वेगळा असतो. ओरबाडणारे कण बारीक आणि दाब कमी असेल, तर सिलिमनाइट आतल्या धातूचे चांगले रक्षण करते. खरखरीत, मोठे कण जोराने दाबले गेले, तर सिलिमनाइटच फुटते आणि संमिश्र मूळ मिश्रधातूपेक्षाही जास्त झिजू शकते. त्यामुळे ‘जितके सिरॅमिक जास्त तितकी झीज कमी’ हा समज चुकीचा आहे. शिवाय प्रमाण वाढले की धातू ठिसूळ होतो, यंत्रकामाची हत्यारे लवकर बोथट होतात आणि समोरचा भागही झिजतो. म्हणून अशा संमिश्राची ब्रेक-चकती वापरली, तर तिच्यासाठी पॅडही वेगळे निवडावे लागते.

सिलिमनाइटऐवजी भाताच्या तुसाच्या राखेचेही असे प्रयोग झाले आहेत; तिच्यात बहुतांश सिलिका असते. धानाच्या भंडारा जिल्ह्यात ती मुबलक मिळते; मात्र तिचे कण सच्छिद्र असल्याने दाबाखाली फुटण्याचा धोका अधिक.

असे मजबुतीकरण भागात सगळीकडे करावे लागत नाही. जपानच्या टोयोटाने १९८०च्या दशकात डिझेल पिस्टनच्या रिंगेची खाच तेवढी सिरॅमिक तंतूंनी मजबूत केली, बाकीचा पिस्टन साध्या ॲल्युमिनियमचाच ठेवला. सिलिमनाइटही असेच, जिथे घासते तिथेच आणि नीट भिजवून वापरले, तरच त्याचा खर्च वसूल होतो.