हरलेल्यांचा ऐवज

जर्मनीतलं येना म्हणजे झाइसची भिंगं, असं धरून संपादकांनी मला तिकडे धाडलं. भिंगांवर पुष्कळांनी लिहिलंय. माझा पाय अडकला तो सेंट मायकेल चर्चमध्ये, ब्राँझच्या एका ओतीव पटापाशी.

पट पुरुषभर उंचीचा. त्यावर घोळदार झगा घातलेला मार्टिन लूथर उभा आहे, दोन्ही हातांत पुस्तक धरून. भोवती लॅटिन अक्षरं. हा पट त्याच्या कबरीसाठी केलेला, पण कबर इथे नाहीच. ती विटेनबर्गच्या राजवाड्यातल्या चर्चमध्ये आहे.

1546 साली लूथर वारला. पुढच्याच वर्षी म्यूलबर्गच्या लढाईत त्याचा पाठीराखा आणि विटेनबर्गचा सत्ताधीश योहान फ्रीडरिश पकडला गेला आणि विटेनबर्ग सम्राट पाचव्या चार्ल्सपुढे शरण गेलं. एरफुर्टच्या हाइनरिश त्सीग्लर या ओताऱ्याने 1548 मध्ये पट ओतला, तोवर शहर मालकाच्या हातून गेलं होतं. पट आधी वायमारला राहिला आणि 1571 मध्ये येनाला लागला. ओताऱ्याचं काम चोख. गिऱ्हाइकाचं राज्यच बुडालं!

आपल्याकडे चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये पोर्तुगीजांकडून वसई घेतली, तेव्हा चर्चच्या घंटा जिंकणाऱ्यांबरोबर निघाल्या. त्यांतली एक नाशिकला नारोशंकराच्या देवळात आहे. इथे उलटं झालं, हरलेल्यानेच ऐवज हलवला. विटेनबर्गचा ग्रंथसंग्रह 1549 मध्ये येनाला आला. त्यात गायकवृंदाच्या भल्या थोरल्या पोथ्या होत्या, काही पेट्रुस अलामिरे या लेखनिकाच्या कारखान्यातल्या. 56 सेंटिमीटर उंचीची, चौदाव्या शतकातली गीतांची हस्तलिखित पोथीही होती, चालींसकट. योहान फ्रीडरिशने इथे विद्यापीठाचा पाया घातला. येनाकर त्याला लाडाने हानफ्रीड म्हणतात, आणि बाजारचौकात त्याचा पुतळा आहे.

सोन्याचांदीचं नशीब मात्र वेगळं. योहान फ्रीडरिशचा चुलता फ्रीडरिश द वाइज याने विटेनबर्गमध्ये संतांचे अवशेष जमवले होते. 1520 पर्यंत मोजणी 18 हजारांपुढे गेलेली. लूथरच्या धर्मसुधारणेनंतर त्यांच्या करंड्यांना चांदीच्या वजनाचीच किंमत उरली. ते वितळवायला शत्रू यावा लागला नाही, घरच्यांनीच वितळवले.

आता हा पट कुणाचा? 1892 मध्ये विटेनबर्गने त्याची नक्कल करून बसवली. तिथला भाविक नकलेपुढे उभा राहतो, आणि अस्सल पट शेजारच्या राज्यात. परत द्यावा म्हणावं, तर येनाने तो साडेचार शतकं सांभाळलाय, 1945 च्या बॉम्बवर्षावात चर्चची पडझड झाली त्यातूनही. लुटीचा माल परत मागता येतो. हा कुणी लुटलेलाच नाही, मग विटेनबर्गने दावा लावायचा तरी कुणावर?