रिसेप्शनला बाटल्या किती लागतात?

मडगावच्या एका लग्नाचा बार ठरवताना वधूच्या वडिलांनी विचारलं, "दोनशे पाहुण्यांना किती बाटल्या?"

आधी पिणारे मोजा. समजा १२०. पहिल्या तासाला माणशी दोन ग्लास, पुढे तासाला एक. चार तासांचे पाच, म्हणजे एकूण ६००.

निम्मी बिअर धरा. ६५० मिलीच्या बाटलीत दोन ग्लास, म्हणून १५० बाटल्या. व्हिस्की-फेणीचे २०० पेग. ७५० मिलीच्या बाटलीत ६० मिलीचे १२, म्हणून १७ बाटल्या. उरलेले १०० ग्लास वाइन, म्हणजे २० बाटल्या.

बर्फ-सोडा सढळ हाताने घ्या, मे महिन्यात आधी तेच संपतं. न उघडलेल्या बाटल्या परत घेणारा दुकानदार गाठा. गाडी चालवणाऱ्यांसाठी कोकम सोडा हवाच!

तुमच्या पाहुण्यांचा आकडा सांगा, हिशेब मांडून देतो.