विश्लेषण : हेडलाइटच्या आत दव का जमते? कधी दुर्लक्ष करावे आणि कधी गाडी गॅरेजला न्यावी?

जुलै-ऑगस्टमधली संध्याकाळ. मलकापुरात दमट उकाडा, मोताळा सोडले की पावसाची सर आणि राजूर घाटात धुके. घाट चढून गाडी बुलढाण्यात पोहोचते, चालक खाली उतरतो आणि पाहतो तर हेडलाइटच्या काचेवर आतून वाफ धरलेली. काच बाहेरून पुसली तरी काही फरक पडत नाही. गाडी नवी असेल तर पहिला विचार येतो तो फसवले गेल्याचा. गाडी जुनी असेल तर खर्चाचा, कारण अलीकडच्या गाड्यांचा अख्खा हेडलाइट बदलायचा म्हणजे काही हजार रुपये सहज जातात आणि एलईडी दिवा असेल तर आकडा बराच वर चढतो.

बहुतेक वेळा यातले काहीच करावे लागत नाही. पण काही वेळा ताबडतोब करावे लागते. हा फरक ओळखणे अवघड नाही, फक्त आत नेमके काय घडते ते माहीत हवे.

हेडलाइट हवाबंद नसतो का?

नसतो, आणि तो मुद्दामच तसा ठेवलेला असतो. एकेकाळी काचेचे पूर्ण सीलबंद दिवे असत. अमेरिकेत १९४० पासून तेच सक्तीचे होते आणि बदलता येणाऱ्या बल्बच्या दिव्यांना तिथे १९८३ मध्ये परवानगी मिळाली. आताचा दिवा म्हणजे पुढे पॉलिकार्बोनेट प्लास्टिकची ‘काच’, मागे प्लास्टिकची पेटी आणि दोन्हींच्या सांध्यात चिकट पदार्थ. दिवा लागला की आतली हवा तापते आणि फुगते. हवा २५ अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापली तर तिचे आकारमान सुमारे १२ टक्क्यांनी वाढते. हा दाब बाहेर पडायला वाट नसेल तर तो रोज सांध्यावर येईल आणि सांधा एक दिवस उकलेल. म्हणून पेटीला मागच्या बाजूने श्वास घेण्याची सोय ठेवतात. कुठे वाकडी रबरी नळी असते, कुठे पातळ पापुद्र्याने झाकलेले छिद्र. हा पापुद्रा महागड्या रेनकोटमध्ये असतो त्याच जातीचा. पाण्याचा थेंब त्यातून जात नाही, वाफ मात्र जाते.

म्हणजे दिवा लावला की हेडलाइट श्वास सोडतो आणि विझवला की घेतो. दहा लिटरची पेटी धरली, तर थंड होताना एक लिटरहून अधिक बाहेरची हवा आत येते. पावसाळ्यात ती हवा ओलीच असणार.

मग पाणी काचेवरच का दिसते?

थंड पाण्याने भरलेल्या तांब्याला बाहेरून घाम सुटतो तो काही तांब्या गळतो म्हणून नाही. तांब्याला टेकलेली हवा गार होते आणि तिच्यातली वाफ पाणी होऊन पृष्ठभागावर बसते. हेडलाइटमध्ये हेच उलट्या बाजूने घडते. इंजिनाच्या बाजूने पेटी उबदार असते, पुढची काच मात्र पावसाचा मारा आणि समोरचा वारा झेलत असते. आतली सर्वांत थंड जागा तीच, म्हणून वाफ तिथेच जमते.

बुलढाण्याचा भूगोल या प्रकाराला फारच सोयीचा आहे. मलकापूर समुद्रसपाटीपासून साधारण २५० मीटरवर आहे, तर अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेले बुलढाणा साधारण ६५० मीटरवर. नुसत्या या चढाने हवा दोन-अडीच अंशांनी थंड होते. पाऊस आणि धुके यांनी काच आणखी गार पडते ती वेगळीच. परतीच्या वाटेवर आणखी एक गंमत होते. घाट उतरताना बाहेरच्या हवेचा दाब सुमारे पाच टक्क्यांनी वाढतो आणि तेवढ्या प्रमाणात बाहेरची हवा दिव्यात ढकलली जाते, दहा लिटरच्या पेटीत जवळजवळ अर्धा लिटर. दिवा चालू असला काय आणि बंद असला काय, घाटाची गाडी श्वास घेतेच.

पाऊस संपला म्हणजे हे थांबेल असेही नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दुपारी ऊन चटकते आणि पहाटे गारवा असतो. दिवसा तापलेली, वाफ धरलेली पेटी रात्री अंगणात थंड होते आणि सकाळी काच धुरकट दिसते. पाण्याचा थेंबही न लागलेली गाडी अशी दिसली की मालक चक्रावतो.

दीड थेंबाचा हिशेब

थोडे आकडे पाहू, कारण सगळा निवाडा त्यांच्यावरच आहे. ३० अंशांची हवा प्रतिघनमीटर जास्तीत जास्त ३० ग्रॅम वाफ धरू शकते, २० अंशांची फक्त १७ ग्रॅम. समजा, दिव्यात ३० अंशांची आणि ८० टक्के आर्द्रतेची हवा आहे, म्हणजे प्रतिघनमीटर २४ ग्रॅम वाफ. ती २० अंशांपर्यंत गार झाली तर सात ग्रॅम वाफ जास्तीची ठरते. पण आपली पेटी घनमीटरची नाही, दहा लिटरची आहे. तिच्यात या जास्तीच्या वाफेचे पाणी होते ०.०७ ग्रॅम, म्हणजे जेमतेम दीड थेंब.

हा दीड थेंब काचेवर पसरला की अख्खा दिवा धुरकट होतो. दिसायला भयंकर, प्रत्यक्षात क्षुल्लक. पण हाच हिशेब उलट बाजूनेही वाचायला हवा. दिव्याच्या तळाशी चमचाभर पाणी साचले असेल तर ते पाच ग्रॅमच्या आसपास भरते, म्हणजे वरच्या हिशेबाच्या सत्तरपट. एवढे पाणी हवेतून एका रात्रीत येत नाही. ते कुठून तरी शिरलेले असते.

‘हे नॉर्मल आहे’ असे सर्व्हिस सेंटरमध्ये सांगतात, ते खरे की टोलवाटोलवी? दोन्ही शक्य आहे. तात्पुरते दव जमणे हा दोष नाही, असे अनेक कंपन्यांच्या मॅन्युअलमध्येच लिहिलेले असते. त्याच मॅन्युअलमध्ये मोठे थेंब किंवा साचलेले पाणी दिसल्यास गाडी दाखवा, असेही लिहिलेले असते. ते दुसरे वाक्य काउंटरवर कुणी आपणहून वाचून दाखवत नाही, एवढेच.

वाफ की गळती, कसे ओळखावे?

दोन्ही दिवे एकमेकांशी ताडून पाहा. दोन्हींवर सारखी, बारीक, पुसट वाफ असेल आणि दिवे लावून गाडी थोडा वेळ चालवल्यावर किंवा उन्हात उभी केल्यावर ती विरत असेल, तर काळजीचे कारण नाही. एकच दिवा धरलेला आणि दुसरा कोरडा असेल तर संशय घ्यावा. ओघळ, टपोरे थेंब, तळाशी हलणारे पाणी किंवा चार-चार दिवस न जाणारी वाफ ही गळतीची लक्षणे. जुनी गाडी विकत घेतानाही ही तुलना करावी. एक दिवा लख्ख आणि दुसरा पिवळट असेल तर लख्ख दिवा का बदलावा लागला, हे विचारायचा हक्क ग्राहकाला आहे.

आणि फोन हातात आहेच, तर पाणी दिसले की लगेच फोटो आणि छोटा व्हिडिओ काढा. गॅरेजपर्यंत जाईस्तोवर ऊन लागते, वाफ निघून जाते आणि ‘इथे तर काहीच नाही’ असे ऐकून परत यावे लागते. वॉरंटीतल्या गाडीसाठी हा व्हिडिओ फार उपयोगी पडतो.

एलईडी दिव्यांत हा त्रास जास्त का?

जुन्या हॅलोजन बल्बच्या ५५ वॉटपैकी बहुतांश ऊर्जा उष्णता म्हणून बाहेर पडते आणि तिचा मोठा भाग उजेडाबरोबर पुढे, काचेवर जातो. काच आपोआप शेकली जाते. एलईडी कमी वीज खातो आणि त्याची उष्णता मागच्या धातूच्या पंख्यांकडे जाते. पुढची काच गारच राहते. त्यामुळे दिवा उत्तम असूनही वाफ जायला वेळ लागतो.

खरा घोळ मात्र बाहेरून बसवलेल्या एलईडीचा आहे. हॅलोजनच्या पेटीत मागे पंखा असलेला एलईडी बल्ब घातला की मागची रबरी टोपी बसत नाही. मग ती कापतात किंवा काढूनच टाकतात. उघड्या भोकातून पाणी, धूळ आणि काळ्या मातीचा चिखल थेट रिफ्लेक्टरपर्यंत पोहोचतो. हॅलोजनसाठी घडवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये उजेडही भलतीकडे फाकतो आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. शिवाय कंपनीने दिलेल्या रचनेपेक्षा वेगळा बदल वाहनात करण्यावर मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ ची बंधने आहेत. हजार-दोन हजारांच्या या हौसेपायी चांगला हेडलाइट बाद झाल्याची उदाहरणे कुठल्याही गॅरेजमध्ये सापडतील.

पाणी तसेच राहू दिले तर?

रिफ्लेक्टर आरशासारखा चमकतो तो प्लास्टिकवर चढवलेल्या ॲल्युमिनियमच्या अतिशय पातळ थरामुळे. ओल राहिली की हा थर काळवंडतो आणि सोलतो. पुसायला गेले तर तो बोळ्याबरोबर निघून येतो. हॅलोजनच्या तापलेल्या बल्बवर थेंब पडला तर बल्ब तडकतो. एलईडीत सर्किट गंजते.

उजेडाचे नुकसान त्याआधीच सुरू झालेले असते. प्रत्येक थेंब छोट्या भिंगासारखा वागतो आणि रस्त्यावर पडायचा प्रकाश हवेत उधळतो. समृद्धी महामार्ग बुलढाणा जिल्ह्यात देऊळगाव राजा, सिंदखेड राजा, मेहकर, लोणार या तालुक्यांतून जातो आणि रात्री त्याचे बरेचसे अंतर गाडीच्या स्वतःच्या दिव्यांवरच कापायचे असते. ताशी १०० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात २८ मीटर जाते. डिपरचा उजेड पन्नास-साठ मीटर पोहोचतो असे धरले तरी चालकाच्या हाती दोन सेकंद उरतात. काच धुरकट झाली की त्यातलेही कमी होतात. मलकापूर, नांदुरा, खामगाव मार्गे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ५३ वर किंवा घाटाच्या वळणावर हिशेब वेगळा नाही.

दुरुस्ती कशी करावी, काय करू नये?

आधी स्वस्तातले तपासा. मागची रबरी टोपी नीट बसली आहे का, बल्बभोवतीचे रबर चिरले आहे का, श्वासाची नळी चिखलाने किंवा कोळ्याच्या जाळ्याने बुजली आहे का. बल्ब बदलल्यानंतर टोपी घाईत तिरकी बसवली जाणे हे तर फारच नेहमीचे कारण. वॉशिंग सेंटरवर प्रेशरचे पाणी दिव्याच्या सांध्यावर किंवा बॉनेटखाली मारू देऊ नका, विशेषतः गाडी गरम असताना.

गळती सांध्यातून असेल तर दिवा काढावा लागतो. पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे पाहतो तीच युक्ती इथेही चालते. श्वासाच्या नळीतून अगदी हलकी हवा द्यायची, बाकीची छिद्रे बंद करायची आणि सांध्यावर साबणाचे पाणी लावायचे. फेस जिथे फुगेल तिथे चीर. दिवा पूर्ण वाळवून मगच तेवढी जागा सील करावी.

लोक करतात ते नेमके उलटे. आत पाणी असतानाच भोवताली सिलिकॉन फासतात, त्यात श्वासाची छिद्रेही बुजतात आणि ओल आत कोंडली जाते. दुसरा लाडका उपाय म्हणजे तळाला बारीक भोक पाडणे. पाणी निघून जाते हे खरे, पण त्याच भोकातून वर्षभर धूळ आत जाते आणि वॉरंटीही. सिलिका जेलची पुडी वाळवण्यापुरती ठेवायला हरकत नाही, मात्र ती बल्बला चिकटून वितळू नये म्हणून नंतर काढावी. सतत गळणाऱ्या दिव्याला तिचा उपयोग नाही. हेअर ड्रायर वापरलाच तर लांबून आणि मंद आचेवर. सर्वांत सोपा मार्ग म्हणजे बल्बची टोपी उघडून गाडी कोरड्या उन्हात दोन तास उभी करणे आणि टोपी आठवणीने परत लावणे.

पुराचे प्रकरण निराळे. जुलै २०२३ मध्ये संग्रामपूर, जळगाव जामोद भागात आला तसा पूर आला आणि गाडी बॉनेटपर्यंत पाण्यात उभी राहिली, तर दिव्यात वाफ नाही, गाळ असतो. दिवे लावून पाहण्याच्या फंदात न पडता आधी फोटो काढावेत आणि विमा कंपनीला कळवावे.

आणि घाटातच काच धरली तर? डिपर चालू ठेवा, वेग कमी करा आणि धुक्यात अप्परचा मोह टाळा, कारण समोर पांढरी भिंतच दिसते. रस्ताच दिसेनासा झाला तर वळण सोडून सुरक्षित जागी थांबा. हॅलोजन असेल तर थोड्या वेळात काच मधून साफ होऊ लागते, एलईडीला आणखी वेळ द्यावा लागतो. सकाळी ऊन पडल्यावर दोन्ही दिव्यांचे खालचे कोपरे एकदा वाकून पाहा. पाण्याची रेघ दिसली, तर फोटो काढून त्याच दिवशी गॅरेज गाठा.