सोन्याचे गणित ताऱ्यांच्या वस्तुमानात

जोतिबाच्या चैत्र यात्रेला आलेल्या सुवासिनीच्या गळ्यातील कोल्हापुरी साज सोनाराने घडविलेला असतो. त्यातील सोने मात्र पृथ्वीच्या जन्मापूर्वीच अवकाशात तयार झाले. त्याचा मोठा वाटा न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरींतून आला असावा, असे खगोलशास्त्रज्ञ मानतात. अशा टकरीतून किती सोने निपजेल, हे बऱ्याच अंशी दोन ताऱ्यांच्या वस्तुमानांच्या गुणोत्तरावर अवलंबून असते.

न्यूट्रॉन तारा म्हणजे स्फोटात संपलेल्या मोठ्या ताऱ्याचा गाभा. सूर्याहून अधिक वस्तुमान त्यात जेमतेम वीस-पंचवीस किलोमीटर व्यासात कोंबलेले असते. एकमेकांभोवती फिरणारे असे दोन तारे गुरुत्वीय लहरींद्वारे ऊर्जा गमावतात व अखेर एकमेकांवर आदळतात. दोघे तुल्यबळ असल्यास तुलनेने कमी द्रव्य बाहेर पडते. एक बराच हलका असल्यास जड ताऱ्याच्या ओढीने तो ताणला जाऊन फाटतो व अधिक द्रव्य उधळले जाते, असे संगणकीय प्रारूपे सांगतात. याच द्रव्यात सोने, प्लॅटिनम यांसारखी मूलद्रव्ये घडतात.

अडचण आहे ती मोजमापाची. टकरीपूर्वी लहरींचा सूर चढत जातो. गोंगाटातून तो नमुन्यांशी ताडून शोधण्याच्या पद्धतीला पुण्याच्या 'आयुका'तील संजीव धुरंधर व बी. सत्यप्रकाश यांच्या १९९१ मधील संशोधनाने मोठा हातभार लावला. सूर किती वेगाने चढतो, यावरून दोन्ही वस्तुमानांचे एक ठराविक संयुक्त मूल्य अचूक कळते. परंतु सूर्याच्या १.३६ पट वस्तुमानाचे दोन तारे आणि १.६० व १.१६ पट अशी विषम जोडी, या दोहोंसाठी ते जवळजवळ सारखेच येते. गुणोत्तराचा सूक्ष्म परिणाम ताऱ्यांच्या स्वतःभोवतीच्या फिरण्याच्या परिणामात मिसळून जातो.

म्हणूनच १७ ऑगस्ट २०१७ रोजी नोंदल्या गेलेल्या पहिल्या टकरीत एकूण वस्तुमान सूर्याच्या सुमारे २.७४ पट असल्याचे कळले. गुणोत्तर मात्र ०.७ ते १ यांच्या दरम्यान, एवढेच सांगता आले. या टकरीचा प्रकाशही दिसला. नारायणगावजवळील खोडद येथील 'जीएमआरटी' दुर्बिणीने तिच्या रेडिओ लहरी टिपल्या. उधळलेल्या द्रव्याचा अंदाज अशाच निरीक्षणांतून बांधता येतो.

२५ एप्रिल २०१९ च्या टकरीबाबत मात्र तसे घडले नाही. एकूण वस्तुमान सुमारे ३.४ पट, म्हणजे अपेक्षेहून अधिक होते. पण शोधकांची संख्या अपुरी असल्याने आकाशातील जागा नेमकी ठरली नाही व प्रकाश सापडलाच नाही.

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारावयाच्या 'लायगो-इंडिया'चे महत्त्व येथेच आहे. सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांचा हा शोधक जगातील अन्य शोधकांच्या जोडीने टकरीची जागा अधिक नेमकी सांगू शकेल. दुर्बिणी वेळेत तिकडे वळल्या, तरच लहरींतून मिळालेले गुणोत्तर आणि उधळलेले द्रव्य यांचा मेळ घालता येईल. साजातल्या सोन्याचा हिशेबही तेव्हाच पुरा होईल.