चौकातील अश्व आणि शहराची ओळख

कळमेश्वरहून नागपुरास जाणाऱ्या प्रवाशाला सीताबर्डी भागातील झिरो माइलचे चार अश्व दिसले की आपण शहराच्या मध्यभागी आल्याची खात्री पटते. प्राण्याची आकृती निरक्षरासही ओळखता येते. म्हणूनच अनेक शहरांच्या मध्यवस्तीने अशी खूण आपलीशी केली आहे.

मुंबईचा ‘काळा घोडा’ हे याचे बोलके उदाहरण होय. अल्बर्ट ससून यांच्या देणगीतून प्रिन्स ऑफ वेल्स एडवर्ड यांचा अश्वारूढ पुतळा १८७९ मध्ये तेथे उभारण्यात आला. १९६५ मध्ये तो हलविण्यात आला व पुढे भायखळ्याच्या उद्यानात ठेवण्यात आला. तथापि परिसराचे नाव बदलले नाही. लोकांनी स्वार विसरून घोडा तेवढा स्मरणात ठेवला होता. २०१७ मध्ये तेथे नवा घोडा उभा राहिला, तो स्वाराविनाच.

अश्वारूढ पोलिसांचेही असेच आहे. घोड्यावरील शिपायास गर्दीपलीकडचे दिसते आणि तो स्वतःही दुरून नजरेस पडतो. वाहनांची वर्दळ वाढल्याने मुंबईतील हे पथक १९३२ मध्ये बंद झाले. ८८ वर्षांनी, २०२० च्या प्रजासत्ताक दिनी, शिवाजी पार्कवरील संचलनात ते पुन्हा अवतरले.

नागपूरच्या अश्वांशेजारी मात्र याहून मोलाची वस्तू आहे. तेथील वालुकाश्माच्या स्तंभावर हैदराबाद, जबलपूर, चांदा आदी ठिकाणांची अंतरे मैलांत कोरलेली आहेत. देशाचा मध्यबिंदू म्हणून हे स्थळ प्रसिद्ध असले, तरी १९०७ ची मानक खूण आहे ती समुद्रसपाटीपासूनच्या उंचीची : १०२०.१७१ फूट. १८०२ मध्ये मद्रासजवळ सुरू झालेल्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा हा वारसा आहे. त्या कार्याचे प्रवर्तक विल्यम लॅम्बटन यांचे १८२३ मध्ये आपल्याच विदर्भात, हिंगणघाट येथे निधन झाले.

अश्व नजर वेधून घेतात. मोजमापाचे काम दगड करतो. अर्थ विसरला गेला, तर असे दगड रस्तारुंदीत सहज उखडले जातात. गावच्या हद्दीच्या निशाण्यांनाही हेच लागू पडते. त्या नष्ट झाल्या की शेतीचे तंटे उद्भवतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ अन्वये त्या सुस्थितीत राखण्याची जबाबदारी जमीनधारकावर आहे. शिक्षकांनी सहलीत विद्यार्थ्यांना अश्वांबरोबर तो स्तंभही वाचावयास लावावा आणि पंचायत सदस्यांनी आपल्या गावातील दगडांची पाहणी करावी, हे अगत्याचे आहे.